रोडपालीच्या ठेवीतला बाळकृष्ण

मित्रांनो, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास माझं तोंड धुतलं गेलं आणि ते परत आलं नाही.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आपण नीट पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुनं तंजावरी चित्र आहे. माझ्यात एक गुटगुटीत बाळकृष्ण मांडी घालून बसलेला आहे. त्याच्या एका हातात लोण्याचा गोळा आहे, दुसरा हात लोण्याच्या मडक्यावर आहे, आणि अंगावर इतके दागिने आहेत की त्या वयाच्या मुलाला ते घालून रांगता येणार नाही. म्हणून तो बसलेला आहे. मी 'मी आलो, मी गेलो' असं म्हणेन, पण खरं तर मी कुठेच जात नाही. मला नेतात.

माझा जन्म तंजावरला सन एकोणीसशे बाराच्या सुमाराला झाला. आधी एक फणस होता. त्याची फळी झाली. फणसाला याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मग चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ केली आणि त्या खळीने फळीवर कापड चिकटवलं. कापडावर खडूची पूड आणि डिंक यांचे थर दिले आणि ते गारगोटीने घासून घासून गुळगुळीत केले. माझ्या चित्रकाराला मानेचा त्रास होता, त्यामुळे तो सगळ्या जगाकडे तिरका बघायचा. पण त्याची रेघ सरळ होती. त्याने खडूचाच जाडसर लेप देऊन मुकुट, कडी, बाजूबंद आणि हार उंच उठवले, त्यांत रंगीत काचेचे खडे बसवले आणि वर सोन्याचा पातळ वर्ख चढवला. खरं सोनं. मग रंग. सगळ्यांत शेवटी चेहरा आणि डोळे. म्हणजे जवळजवळ दोन महिने मी बिनचेहऱ्याचा, पण दागिन्यांनी मढलेला होतो. ही अवस्था फारशी वाईट नसते. आपण श्रीमंत आहोत एवढं कळतं. नक्की कोण आहोत, ते कळत नाही.

मला बनवून घेतलं ते सेतुमाधवराव नावाच्या गृहस्थांच्या आजीने. हे लोक मराठीच, पण दोनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले. त्यांची मराठी इतकी वर्षं बरणीत मुरलेली होती. चव मराठीची, पण जीभ जरा दचकायची. आजी मला रोज लोण्याचा नैवेद्य दाखवायची. मी तो कधी खाल्ला नाही. तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायची. इतका विश्वास मी पुढे फार थोड्या माणसांत पाहिला.

सेतुमाधवराव मोठे होऊन मीठ खात्यात इन्स्पेक्टर झाले आणि चव्वेचाळीस साली पनवेलला आले. येताना मला कांबळ्यात गुंडाळून घेऊन आले. पनवेलच्या खाडीकाठी तेव्हा मिठागरं होती. उन्हाळ्यात बांधाबांधावर मिठाचे पांढरे ढीग उभे असत आणि सेतुमाधवराव छत्री घेऊन त्या ढिगांमधून हिंडत. पाच वर्षं हिंडल्यावर त्यांची बदली राजपुतान्यात सांभर नावाच्या गावी झाली. गावाचं नाव ऐकून त्यांना वाटलं, जेवणाची सोय बरी असणार. ती नव्हती. शिवाय तिकडची हवा इतकी कोरडी, की फणसाच्या फळीला उभी भेग जावी. म्हणून त्यांनी मला इथेच ठेवून जायचं ठरवलं. आणि ठेवायचं म्हटलं की या मुलखात एकच घर होतं.

ते रोडपालीच्या सोनाबाईंचं.

सोनाबाई मिठागरात वाढलेल्या, तिथेच संसार केलेल्या. नवरा लवकर गेला. मुलगा महादेव लहान होता. त्यांनी बांध, पाणी, मजूर आणि मुलगा हे सगळं एकाच आवाजात सांभाळलं. त्यांच्या घरात सगळा गाव ठेवी ठेवायचा. मुंबईला गिरणीत गेलेल्यांचे पितळी हंडे तिथे होते. करंजा बंदरातल्या एका खलाशाचं नवंकोरं जाळं होतं. तीन छत्र्या होत्या. एक बंदूक होती, तिला घोडा नव्हता. एक बकरीही ठेव म्हणून होती. तिला पिल्लं झाली, तेव्हा सोनाबाईंनी तीही ठेवीत धरली. मालक चार वर्षांनी एका बकरीला न्यायला आला आणि अकरा बकऱ्या घेऊन गेला. वाटेत तो बराच वेळ रडत होता म्हणतात.

"ठेव जशी आली तशी जाईल," सोनाबाई म्हणायच्या. "तिलभर फरक नाय."

हा त्यांचा शब्द, त्यांच्या बोलीत 'सबूद'. हेच त्यांचं नाव, हीच त्यांची इस्टेट.

एवढं सांगितल्यावर एक गोष्ट लपवणं बरं दिसणार नाही. मी आलो तेव्हा माझ्यावर काच होती. ती त्या बकरीने फोडली. पण एका ठेवीने दुसऱ्या ठेवीचं नुकसान केलं तर घराकडे दोष येत नाही, असा निवाडा सोनाबाईंनी दिला. नवी काच पनवेलच्या पेठेतून आणायचं तेव्हाच ठरलं. ती अजून आणायची आहे.

अशी पंधरा वर्षं मी देवघराशेजारच्या भिंतीवर राहिलो. सुरुवातीला लोक मला बघायला यायचे. "खरा सोना हाय?" असं विचारायचे आणि सोनाबाई त्यांना हात मागे बांधून उभं राहायला लावायच्या. मग सवय झाली. चुलीचा धूर आला, धूळ आली, माझ्या मुकुटामागे एका पालीने संसार मांडला. ती सोवळ्यातली होती. लोण्याला कधी शिवली नाही.

बासष्ट साली महादेवचं लग्न झालं आणि हौसा घरात आली. तिने पहिल्याच आठवड्यात पालीला बाहेर काढलं. मग रोज सकाळी कोरड्या फडक्याने माझ्यावरची धूळ झटकायची आणि झटकता झटकता सासूबाईंबद्दलच्या तक्रारी मला सांगायची. मी कुणाला सांगणार नाही, याची तिला खात्री होती. मीही आजवर सांगितल्या नाहीत. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. तिचं नाव जनी. जनी गालांनी इतकी भरलेली होती की तिला मांडीवर घेतलं की आधी गाल यायचे आणि मग जनी.

चौसष्ट सालच्या भाद्रपदात सेतुमाधवरावांचं पत्र आलं. ते नोकरीतून निवृत्त झाले होते आणि तंजावरला कायमचे परतायच्या आधी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, मला न्यायला येणार होते. महादेवने पत्र दोनदा वाचलं. सोनाबाईंनी ते तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि ताठ बसून ऐकलं.

आता, मित्रांनो, आमच्याकडची एक पद्धत तुम्हाला माहीत असेलच. घट बसायच्या आधी देवघरातले सगळे देव आणि टाक खाली काढतात आणि चिंचेने घासून उजळतात. पितळ सोन्यासारखं होतं, चांदी चांदण्यासारखी. ज्या देवाला उजळलं नाही त्याचा अपमान होतो. त्या वर्षी तर पाहुणा यायचा होता.

"आत्या, सगलेच उजलू?" हौसाने सासूबाईंना विचारलं.

"सगले म्हंजे सगले. इनिस्पेक्टर पंद्रा वर्सांनी येतंय. घर कसं लखलखला पायजे."

"आन् यो फलीवरचा?"

"त्यो काय देव नाय? देवांत डावाउजवा करशील तर एक दिवस देव तुझ्यात करील."

"नाय, पन ह्याला कदी पानी लावला नाय..."

"मंग लाव आता. पंद्रा वर्सं बिनआंघोलीचा बसलाय बिचारा."

हौसाने मला खिळ्यावरून काढलं आणि मोरीपाशी नेलं. तिथे खंडोबा, एकवीरा आणि अन्नपूर्णा आधीच लखलखत बसले होते. मी मनात म्हटलं, आता आपली पाळी. हौसाने काथ्या घेतला, चिंचेचा कोळ घेतला, वर चिमूटभर राख घेतली.

पहिल्या हाताला माझ्या भुवया गेल्या.

डिंकात कालवलेला रंग पाण्याशी भांडत नाही. तो लगेच निघतो. आणि खडूला आंबट लागलं की तो फसफसतो. मला आधी गुदगुल्या झाल्या, मग काहीच झालं नाही, कारण काही व्हायला चेहरा उरला नव्हता. डाव्या हातातलं कडं विरघळलं, मुकुटाची एक बाजू खचली. ज्या चिंचेच्या बियांनी मला बावन्न वर्षं जोडून धरलं होतं, तिच्याच गराने हे केलं. घराण्यांत असं होतं. उरलेलं सोनं मात्र खरं असल्यामुळे कधी नव्हे इतकं चमकलं. थोडक्यात, मी आता भारी दागिने घातलेला एक पांढरा फळा होतो.

हौसाच्या हातून काथ्या पडला. ती ओरडली नाही. तिने पदराने मला टिपायला सुरुवात केली, आणि टिपताना आणखी थोडा मी पदरावर गेलो.

सोनाबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हौसाकडे. मग मोरीतल्या निळसर पाण्याकडे, जे मी होतो. मग मला उचलून भिंतीवर अडकवलं, तोंड भिंतीकडे करून. अर्थात तोंड नव्हतंच. पण पद्धत म्हणून.

"दसरा होईस्तोवर," त्या म्हणाल्या, "असं कायबी झालेलं नाय."

मी दोन दिवस भिंत पाहिली. भिंत चांगली होती.

पण घरात सगळ्यांना कळत होतं की झालेलं आहे. महादेवने ओटीवर बसून उपाय काढले. "सांगू का, चोरी झाली?" "मंग ठेव आपल्याकडून गेली ना," हौसा म्हणाली. "सांगू का, वालवीनं खाल्ला?" "वालवी तोंड खाते आन् सोना ठेवते?" महादेवने बराच विचार केला. "सांगू का, देव सोताच निघून गेला? मथुरेला? देव हाय, जाईल. आपन कोन इचारनार?"

सोनाबाई आतून म्हणाल्या, "त्यानं येऊन हा पांढरा धोंडा बघितला का संपला. उद्यापासून या घरात कोन सुईबी ठेवनार नाय. चालीस वर्सांचा सबूद." मग थोड्या वेळाने, हळू: "आन् लोक बोलतील, हौसा आली नि घराचा सबूद गेला. त्या बिचारीचा जन्म जाईल त्यात."

हे शेवटचं वाक्य हौसाने ऐकलं. सोनाबाईंना वाटलं होतं, ती विहिरीवर आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाने मला मिठाच्या रिकाम्या गोणीत घातलं, वर गोधडी टाकली, जनीला कडेवर घेतलं आणि शेजारच्या बैलगाडीने पनवेल गाठलं. सोनाबाईंनी हे पाहिलं. पण काही झालेलंच नसल्यामुळे 'कुठे चाललीस' असं विचारण्याचं त्यांना कारण नव्हतं.

पनवेलला मोहल्ल्याच्या तोंडाशी वहाबचाचांचं दुकान होतं. लग्नसराईत ते बेगडाची बाशिंगं करायचे आणि मोहरमला ताबूत सजवायचे. बेगड म्हणजे तो चमकणारा पातळ पत्रा, वर्खाचा गरीब मावसभाऊ. हौसाच्या लग्नातलं बाशिंग त्यांनीच केलं होतं. ते इतकं भरगच्च झालं की लग्नभर महादेवला नवरी दिसली नव्हती.

त्यांनी गोणी उघडली. "या अल्ला. बेटी, ह्याला झालं काय?"

"उजलला," हौसा म्हणाली आणि मग तिला रडू आलं. तीन दिवसांचं एकदम.

वहाबचाचांनी तिला रडू दिलं. तोवर त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, बोटाने वाजवलं, कानाला लावलं. "हाड मजबूत आहे," ते म्हणाले. "मुकुट मी उभा करतो. कडं करतो. खरं सोनं माझ्याकडं नाही, बेगड लावीन. दुरून कुणाला कळणार नाही, जवळून खुदाला कळेल. पण चेहरा माझ्याच्यानं होणार नाही. चेहरे देणारा तो वर बसलाय, त्याच्या कामात मी हात घालत नाही. थांब. ए काशीराम!"

काशीराम शेजारच्या शेडमध्ये गणपती करायचा. पेणला शिकलेला. अनंत चतुर्दशी झाल्यामुळे तो रिकामा बसून उरलेल्या उंदरांना रंग देत होता.

"मारतो की," तो म्हणाला. "चेहरा म्हणजे आपला हातचा मळ."

काशीरामने माझ्या तोंडावर खडूचा नवा हात दिला, वाळवला, घासला, निळसर रंग भरला आणि ब्रश घेतला. मित्रांनो, काशीरामने बावीस वर्षांत फक्त गणपती केले होते. डोळे सुंदर आले. मग ब्रश दोन डोळ्यांच्या मधून खाली निघाला, आणि थांबेना. हनुवटीवरून तो डावीकडे वळायला लागला, तेव्हा हौसा ओरडली.

"भाऊ, सोंड!"

"अरे हो." काशीरामने ती पुसली. पुन्हा काढली. पुन्हा वळली, यावेळी उजवीकडे. "ही उजव्या सोंडेची. कडक असते," तो आदराने म्हणाला आणि तीही पुसली.

वहाबचाचा आमच्याकडे पाठ करून मुकुट उभारत होते. "काशीराम, नाक आवर."

"तुम्ही तर बघतच नाही!"

"ऐकू येतंय ना, ब्रश किती वेळ चाललाय ते. नाक एवढा वेळ नसतं."

"मग नाक कसं असतं, ते दाखवा कुणीतरी. मला आठवत नाही आता."

तेव्हा हौसाने डोळे मिटले. दोन वर्षं रोज सकाळी ती मला पुसत होती. माझा चेहरा आता जगात फक्त तिच्याच डोक्यात शिल्लक होता. "नाक बारकं," ती म्हणाली. "बटनासारं. गाल खाली आलेलं. आन् व्हट असं, जसं काय तोंडात कायतरी हाय नि आयनं हाक मारली." तिने डोळे उघडले. समोर जनी बसली होती. "असं," ती म्हणाली.

जनीला मॉडेल म्हणून बसवण्यात एकच अडचण होती. ती बसत नसे. गुळाने बसली नाही, खुळखुळ्याने बसली नाही. शेवटी वहाबचाचांच्या घरातून त्यांच्या बायकोने, हव्वाबीने, सुक्या बोंबलाचा एक तुकडा आणून तिच्या हातात दिला. नवरात्र होतं. हौसा बघत राहिली.

"लेकराला पाप नसतं," हव्वाबी म्हणाली. "आणि असलं तर माझ्या नावावर घाल. माझं नवरात्र नाही."

जनी बोंबील चोखत एकदम स्थिर झाली. काशीरामने त्या दिवशी आणि त्यानंतरचे सात दिवस, हौसा जनीला रोज घेऊन येत गेली तसा, जनीकडे बघून माझा चेहरा काढला. बोंबील लागेल तसा येत गेला. सोंड पुन्हा आली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहाबचाचांनी माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "झालं?" "झालं," काशीराम म्हणाला. "मग झाका. सारखं बघत बसलात तर चूक सापडते."

घरी आणल्यावर सोनाबाईंनी मला उजेडात धरलं. बराच वेळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्यात बसलेल्या जनीकडे.

"यो तर आपला..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मला खिळ्यावर सरळ लावलं, झेंडूचा हार घातला. "असं काय झालेलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

रविवारी सकाळी एसटीने सेतुमाधवराव आले. केस पांढरे झाले होते, छत्री तीच होती. दारातूनच त्यांनी हात जोडले.

"तुम्हां सर्वांचें क्षेम आहे ना? माझा बाळ कुठें आहे?"

महादेव रात्रभर एक भाषण पाठ करत होता. तो पुढे झाला. "साहेब, मथुरा म्हनून एक गाव हाय..."

"तू गप," सोनाबाई म्हणाल्या.

हौसाने तोंड उघडलं, "साहेब, माझ्या हातून..."

"तूबी गप." सोनाबाई पुढे आल्या. चाळीस वर्षांत त्या घरात कुणी त्यांना चुकलेलं पाहिलं नव्हतं. आमचा सगळ्यांचा समज होता की त्यांना ते येत नाही. "साहेब, आदी आयका, मंग पानी प्या. त्याचा तोंड आमच्याकडून धुवून गेला. चिंच मी दिली. सगले उजल, असं मीच बोलले. हिनं इचारलं व्हतं, मीच आयकलं नाय. हात हिचा, पन सबूद माझा. आता हाय तो चेहरा नवा हाय. डावा कडा बेगडाचा हाय. ठेव जशी आली तशी रायली नाय. काय बोलायचं ते मना बोला. हिचं नाव कोनी घ्यायचं नाय."

हौसा सासूकडे बघत राहिली. गेल्या दोन वर्षांत मला सांगितलेल्या सगळ्या तक्रारी ती मनातल्या मनात परत घेत असावी, निदान काही.

सेतुमाधवराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. चष्म्याला काहीही झालेलं नव्हतं.

"माझी आजी रोज या मुखास लोणी दाखवी," ते म्हणाले. "तें मुख पुन्हां पाहूं म्हणून मी सातशें मैल आलों."

मला पहिल्यांदा वाटलं, मी बोलू शकलो असतो तर बरं झालं असतं. मग वाटलं, बोलून सांगणार काय? तो चेहरा मलाही परत आणता येत नव्हता.

एवढ्यात आतून जनी आली. तिच्या हातात बोंबील होता. पनवेलला तिला त्याची सवय लागली होती. ती माझ्याखाली येऊन भिंतीला टेकून बसली आणि चोखायला लागली.

सेतुमाधवरावांनी वर पाहिलं. खाली पाहिलं. वर पाहिलं. असं त्यांनी चार वेळा केलं.

"ही कोण?"

"जनी. माझी पोर," महादेव म्हणाला.

"ही काय खाते?"

"लोणी," महादेव म्हणाला.

"बोंबील," सोनाबाई म्हणाल्या.

सेतुमाधवराव जन्मात मासळीला शिवलेले नव्हते. त्यांचा चेहरा आधी आवळला. मग ओठांच्या एका कोपऱ्यातून तो सुटत गेला, आणि ते हसायला लागले ते भिंत धरूनच. "हातांत लोणी आणि मुखावर हें! म्हणून मी म्हणतों, हा इतका तृप्त कसा!" त्यांनी डोळे पुसले. मग खाली बसले, जनीच्या शेजारी, बोंबलापासून थोडं अंतर राखून.

"सोनाबाई, मी यास न्यावयास आलों. परंतु हें तर तुमच्या घरचें मूल. याला तंजावरास कसें नेऊं? वाटेंत रडेल."

"दान आमी घेत नाय, साहेब," सोनाबाई म्हणाल्या.

"दान नव्हे. ठेव."

"आमच्याकडं?" सोनाबाईंचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "पुन्ना?"

"दुसऱ्या कुणाकडे ठेवूं? दुसरे लोक मोडलें तर झाकून ठेवतात. तुम्हीं तर मला पाणी पिण्याआधीं सांगितलेंत."

सोनाबाई आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणला आणि हौसाच्या हातात दिला. "दे साहेबांना," त्या म्हणाल्या. "आता सांगून झालाय."

जाताना सेतुमाधवरावांनी हौसाला एवढंच सांगितलं, की याला पाणी नको, चिंच तर नकोच, रोज सकाळी करतेस तसं कोरडं मऊ फडकं पुरे. दुपारच्या एसटीने ते गेले. आठ दिवसांत कळंबोलीच्या एका माणसाने सोनाबाईंकडे दोन हंडे आणि एक बैल ठेवायला आणला.

मित्रांनो, या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. माझा उजवा हात खऱ्या सोन्याचा आहे, डावा लग्नसराईतला. तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल, तर ते लखलखीत करण्याआधी एकदा जाणत्या माणसाला विचारा. जुन्या वस्तूंना स्वच्छतेपेक्षा संथपणा मानवतो. आणि विचारूनही मोडलंच, तर भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. सांगा. सांगितल्यावर माणसं एवढी वाईट वागत नाहीत. निदान मी ज्यांना ओळखतो ती तरी.

माझी स्वतःची एकच अडचण उरली आहे. ती योग्य त्या ठिकाणी कळवत आहे.

प्रति,
माननीय रेशनिंग अधिकारी साहेब, पनवेल.

विषय : रेशनकार्डावर नाव चढवण्याबाबत.

महोदय,

अर्जदार बाळकृष्ण, मुक्काम रोडपाली, सोनाबाईंचं घर, देवघराशेजारचा खिळा, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, सदर घराच्या कार्डावर मुलांच्या रकान्यात जनी महादेव हे एकच नाव आहे. अर्जदार त्याच घरात सतरा वर्षं राहत असून त्याचा चेहरा उपरोक्त जनीशी तंतोतंत जुळतो. खात्री करण्यास आपला माणूस पाठवावा. अर्जदार स्थिर बसेल, जनीची हमी देता येत नाही. अर्जदाराचं वय दीड वर्ष असून पुढेही तेवढंच राहील, त्यामुळे कार्डात वेळोवेळी दुरुस्ती करण्याचा त्रास आपल्या कचेरीस होणार नाही. अर्जदारास साखर, गहू अथवा रॉकेल यांपैकी काहीही नको. फक्त जनीच्या नावाखालच्या ओळीत नाव असावं, म्हणजे पुढेमागे कोणी 'हा कुणाचा?' असं विचारलंच, तर घरच्यांना कागद दाखवता येईल.

तरी कृपा करून लवकर निर्णय व्हावा. तोवर अर्जदार जागेवरच आहे.